लोकमान्यांवर कधीच न ठेवला गेलेला आरोप

२७ जुलै १८९७ च्या रात्री मुंबईत बाळ गंगाधर टिळक यांना अटक झाली. पुण्याचे प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांचा मृत्यू होऊन तेव्हा साडेतीन आठवडे लोटले होते. रँड यांच्यावर गोळी झाडणारा हात कोणाचा, हे पोलिसांना अद्याप ठाऊक नव्हते. त्या हाताला बळ कोणी दिले, याविषयी मात्र मुंबईतील अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांच्या मनात शंका उरली नव्हती. 'केसरी'तील लिखाणाने माथी भडकली आणि त्यातून खून झाला, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. तरीही टिळकांना पकडले, ते खुनाच्या चिथावणीबद्दल नव्हे. वॉरंटवर कलम होते भारतीय दंड संहितेचे १२४-अ, म्हणजे राजद्रोहाचे. टिळकांच्या शब्दांमुळे माणसे मारली गेली, असा ठपका पुढे तेवीस वर्षे, त्यांच्या मृत्यूपर्यंत, त्यांची पाठ सोडणार नव्हता. पण तो ठपका आरोपपत्राच्या रूपाने फौजदारी न्यायालयापुढे एकदाही आला नाही.

तो का आला नाही, हे समजण्यासाठी टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८७७ मध्ये गणित विषय घेऊन बी.ए.ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि १८७९ मध्ये एलएल.बी. ही पदवी मिळविली. वकिली करून पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी तो धरला नाही. न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी' आणि 'मराठा', डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज असा त्यांचा पुढला प्रवास सर्वपरिचित आहे. १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिल्यानंतर मात्र चरितार्थासाठी त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला. वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते दंड संहिता शिकवीत. कोणत्या कलमात कोणता शब्द आहे आणि त्या शब्दाच्या अलीकडे किती मोकळी जागा आहे, याचे ज्ञान त्या काळच्या मराठी संपादकांत त्यांच्याइतके क्वचितच कोणाला असेल. तुरुंगही त्यांनी आधीच पाहिला होता. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये त्यांना आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली होती आणि डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले होते.

१८६० च्या दंड संहितेत दुसऱ्याकडून गुन्हा करविणाऱ्यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याला कायद्याच्या मराठीत अपप्रेरणा म्हणतात. कलम १०७ प्रमाणे ती तीन प्रकारे होते. एखाद्या कृत्यासाठी कोणाला चिथावणे, त्यासाठी इतरांशी संगनमत करणे आणि ते कृत्य करण्यास जाणूनबुजून साहाय्य करणे. चिथावणीमुळे खून घडला तर कलम १०९ अन्वये चिथावणाऱ्यास खुनाचीच शिक्षा होऊ शकते, म्हणजे फाशीदेखील. खून घडला नाही तरी सुटका नाही, कारण त्यासाठी कलम ११५ आहे. दहापेक्षा अधिक माणसांना किंवा सर्वसाधारण जनतेला गुन्ह्यास प्रवृत्त करणाऱ्यासाठी कलम ११७ आहे. वरवर पाहता संपादकाला अडकविण्यास एवढी सामग्री पुरेशी वाटेल. परंतु या साऱ्या कलमांच्या मुळाशी एक अट आहे. चिथावणी विशिष्ट कृत्याची हवी, ती देणाऱ्याचा हेतू तोच हवा, आणि कलम १०९ लावायचे तर घडलेले कृत्य त्या चिथावणीचाच परिणाम असले पाहिजे. रागावलेल्या माणसाला आणखी राग यावा असे काही लिहिणे आणि अमक्याला मार असे सांगणे यांत कायद्याने अंतर ठेवले आहे. टिळकांच्या आयुष्यातील तिन्ही मोठे खटले या अंतरापाशी येऊन थांबतात.

१८९६ च्या अखेरीस मुंबईतला प्लेग पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्यापाठोपाठ पुण्यात विशेष प्लेग समिती आली आणि सनदी अधिकारी रँड तिचे अध्यक्ष झाले. मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोरे शिपाई घरोघर शिरून रोग्यांचा शोध घेत होते. देवघरापर्यंत बूट गेले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली, सामान रस्त्यावर टाकले गेले, अशा तक्रारींनी शहर भरून गेले. शहरातली पुढारी मंडळी गाव सोडून बाहेर पडत असताना टिळक पुण्यातच राहिले. हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रोग्यांना वेगळे ठेवण्याला आणि घरांच्या स्वच्छतेला त्यांचा विरोध नव्हता. शिपायांच्या वर्तनाला होता आणि तक्रारींना केराची टोपली दाखविणाऱ्या अधिकाऱ्यांना होता. 'केसरी'ने तो सौम्य भाषेत मांडला नाही.

जूनमध्ये साथ ओसरली आणि लांबणीवर पडलेला शिवराज्याभिषेकाचा उत्सव पुण्यात साजरा झाला. त्यात अफजलखानाच्या वधावर व्याख्याने झाली. १३ जूनच्या सभेचे अध्यक्ष टिळक होते. महाराजांनी खानाला ठरवून मारले असे क्षणभर धरले, तर ते पाप होते काय, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्याचे उत्तर त्यांनी नकारार्थी दिले. फळाची आसक्ती न ठेवता लोकहितासाठी केलेल्या कृत्याचा दोष कर्त्याला लागत नाही, असा गीतेचा आधार त्यांनी काढला आणि थोर पुरुषांची कृत्ये पीनल कोडाच्या चौकटीतून पाहू नयेत, असेही सुचविले. उत्सवाचा वृत्तान्त १५ जूनच्या 'केसरी'त आला. त्याच अंकात शिवाजी महाराज स्वर्गातून परत येऊन देशाची दुर्दशा पाहत आहेत, अशी कल्पना असलेली एक कविताही होती.

बरोबर सात दिवसांनी, २२ जूनच्या रात्री, राणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीतील सरकारी निवासस्थानातून परतत असताना त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला गेले.

या सात दिवसांवर पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. टिळकांच्या भक्तांनी ते अंतर नगण्य ठरविले आणि विरोधकांनी तेच पुरावा मानले. दोन्ही बाजूंनी थोडे थांबून पाहण्याची गरज होती. भाषणाचा विषय सतराव्या शतकातला होता हे खरे, पण विषय निवडणारा वक्ता एकोणिसाव्या शतकातला होता आणि त्याच्यासमोर बसलेल्या श्रोत्यांच्या घरांतून शिपाई जाऊन महिनाही झाला नव्हता. हत्या कोणत्या परिस्थितीत निर्दोष ठरते, ही चर्चा अशा वेळी केवळ तात्त्विक राहत नाही, हे टिळकांसारख्या माणसाला कळत नसेल असे म्हणणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. दुसरीकडे, त्या भाषणात रँड यांचे नाव नव्हते, शस्त्र नव्हते, दिवस नव्हता. चापेकर बंधूंचा स्वतःचा छोटा गट होता आणि त्यांचा राग प्लेगच्या झडत्यांत तापलेला होता. दामोदर चापेकर यांनी त्याआधीच मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. त्यांना मार्ग दाखविण्यासाठी 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकाची वाट पाहावी लागली असती, असे मानण्यास आधार नाही. अपप्रेरणेचे कलम ज्या दुव्यावर उभे असते, तो दुवा येथे दाखविता येत नव्हता.

सरकारने दुसरी वाट धरली. १२४-अ हे कलम मूळ संहितेत नव्हते. ते १८७० मध्ये घालण्यात आले होते. १८९१ मध्ये कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्रावर त्याचा प्रयोग झाला, पण ज्युरीचे एकमत न झाल्याने शिक्षा होऊ शकली नाही. या कलमाची सोय अशी की त्यात कोणाच्या खुनाशी संबंध दाखवावा लागत नाही. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न केली, एवढे पुरे. सरदार नातू बंधूंच्या बाबतीत तर तेवढेही लागले नाही. १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनचा आधार घेऊन त्यांना आरोप न ठेवताच डांबण्यात आले.

खटला मुंबई उच्च न्यायालयात ८ सप्टेंबर १८९७ रोजी न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांच्यासमोर उभा राहिला. त्याआधी टिळकांचा जामीन दोनदा नाकारला गेला होता. अखेर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. त्या अर्जावर टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. बंगालमधून वर्गणी जमली आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर पग बचावासाठी आले. आरोप होता उत्सवाच्या वृत्तान्ताचा आणि त्या कवितेचा. खुनाचा उल्लेख आरोपात नव्हता, पण न्यायालयाच्या दालनात तो प्रत्येकाच्या मनात होता. नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ होते. स्ट्रेची यांनी ज्युरीला कलमाचा अर्थ समजावताना अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, अशी व्याख्या केली. बंड झाले की नाही, दंगा झाला की नाही, हिंसा घडावी असा हेतू होता की नाही, हे पाहण्याचे कारणच उरले नाही. १४ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले. ज्युरीची फाळणी नेमकी वर्णाच्या रेषेवर झाली होती. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यासाठी पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, पण ती मिळाली नाही.

शिक्षा ऐकल्यावरचे टिळकांचे वर्तन त्यांच्या चरित्रकारांनी कौतुकाने नोंदविले आहे. त्याहून अधिक बोलका प्रसंग त्यानंतरचा आहे. त्यांना काही काळाने येरवड्याला हलविण्यात आले. त्याच तुरुंगात दामोदर चापेकर फाशीची वाट पाहत होते. आपल्या कोठडीतल्या दामोदरांना टिळकांकडून गीतेची प्रत मिळाली आणि ती हातात घेऊन ते १८ एप्रिल १८९८ रोजी फाशीच्या तख्तावर गेले, असे सांगितले जाते. ज्याला चिथावल्याचे जग म्हणत होते तो आणि ज्याने चिथावले असे जग म्हणत होते तो, असे दोघे एकाच भिंतीआड होते. एकाला खुनाचे कलम लागले, दुसऱ्याला प्रीतीच्या अभावाचे. वासुदेव व बाळकृष्ण चापेकर आणि महादेव रानडे यांना १८९९ च्या मे महिन्यात फाशी झाली. यांपैकी कोणत्याही खटल्यात टिळकांना आरोपी केले गेले नाही.

मॅक्सम्युलर आणि सर विल्यम हंटर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला. शिक्षा पुरी होण्याच्या सहा महिने आधी, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, टिळक बाहेर आले. मधल्या काळात सरकारने कायदाच बदलून घेतला होता. १८९८ च्या दुरुस्तीने १२४-अ मध्ये द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले आणि दोन वर्गांत वैरभाव पसरविण्याबद्दलचे १५३-अ हे नवे कलम संहितेत दाखल झाले. स्ट्रेची यांनी तोंडी दिलेला विस्तार आता छापील झाला.

मधली दहा वर्षे ताईमहाराज प्रकरणाचा मनस्ताप, वंगभंगाची चळवळ, स्वदेशी आणि सुरतेची फूट यांनी भरलेली आहेत. त्यांची हकीकत वेगळी आहे.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. तो मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड यांच्यासाठी होता. गाडीत होत्या केनेडी घराण्यातील दोन स्त्रिया, आई आणि मुलगी. त्या दोघी गेल्या. 'केसरी'ने यावर लेखमालाच लिहिली. १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे त्यांतील दोन लेख सरकारने निवडले. त्यांचा आशय असा होता, की बॉम्बने स्वराज्य मिळत नाही, पण दडपशाहीने माणसे वेडीपिशी होतात आणि बॉम्ब हे त्याचे फळ आहे. ते थांबवायचे तर दडपशाही थांबवा आणि लोकांना अधिकार द्या. कारण सांगणे आणि चिथावणे यांतील सीमारेषा या लेखांत अगदी बारीक होती. बॉम्ब करण्याची विद्या सोपी आहे आणि कायद्याने ती अडविता येणार नाही, हे वाक्याच्या आशयाने सरकारला सूचना होती. वाचणाऱ्या एखाद्या तरुणाला ती काय वाटेल, हे लेखकाच्या हाती नव्हते. त्या दोन निरपराध स्त्रियांच्या मृत्यूविषयीचा खेद लेखांत होता, पण रोख सरकारवर होता, आणि आज वाचणाऱ्याला त्या खेदाचे वजन कमी वाटले तर नवल नाही.

८ जून १९०८ रोजी सरकारने एका दिवसात दोन कायदे केले. एक स्फोटक द्रव्यांचा आणि दुसरा वृत्तपत्रांतून गुन्ह्यास दिल्या जाणाऱ्या चिथावणीचा. खुनाला चिथावणारा मजकूर छापणारा छापखाना जप्त करण्याचा अधिकार दुसऱ्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला मिळाला. अपप्रेरणेचे कलम संपादकाच्या गळ्यात अडकत नाही म्हणून त्याच्या छापखान्यालाच हात घालण्याची ही युक्ती होती. टिळकांना मात्र सरकारला छापखान्यासकट नव्हे, देशातूनच दूर करायचे होते. २४ जून रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांना अटक झाली. कलमे पुन्हा तीच, १२४-अ आणि १५३-अ. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले आणि तो नाकारणारे न्यायमूर्ती होते दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्या मुद्द्यांवर त्यांनी टिळकांसाठी जामीन मागितला होता, तेच मुद्दे आता त्यांना पुरेसे वाटले नाहीत.

झडतीत टिळकांच्या घरी एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. साऱ्या खटल्यात शब्दांपलीकडचा पुरावा म्हणावा असा एवढाच. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती पुस्तके पाहायची होती, असा खुलासा टिळकांनी केला. फिर्यादी पक्षाने त्या कार्डाचा पुरता उपयोग करून घेतला. कारण त्यामुळे लेखणीच्या शेजारी दारूगोळ्याची सावली पडत होती.

१३ जुलैला सुरू झालेल्या या खटल्यात टिळकांनी स्वतःच बचाव केला. ते एकवीस तास दहा मिनिटे बोलले. त्यातील मोठा भाग भाषांतरावर गेला. मराठी शब्दांना सरकारी भाषांतरकाराने दिलेले इंग्रजी प्रतिशब्द मूळ अर्थाहून कडक आहेत, हे त्यांनी शब्दकोश समोर ठेवून दाखविले. जे ज्युरर निकाल देणार त्यांतल्या बहुतेकांना मराठी येत नाही आणि ते दोषी ठरविणार आहेत ते भाषांतराला, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. दुसरा भाग कात्रणांचा होता. बॉम्बनंतर अँग्लो-इंडियन पत्रांनी हिंदी पुढाऱ्यांविरुद्ध काय काय सुचविले होते ते त्यांनी वाचून दाखविले आणि आपले लेख हे त्या वादाचे उत्तर आहेत, असे मांडले. तिसरा मुद्दा कायद्याचा होता. लेखाचा परिणाम काय होईल याचा तर्क पुरेसा नाही, लेखकाचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, आणि हेतू ठरविण्याचा अधिकार ज्युरीचा आहे, न्यायाधीशाचा नव्हे. इंग्लंडमधील १७९२ च्या फॉक्स यांच्या कायद्यापासूनचा इतिहास त्यांनी त्यासाठी उभा केला. ज्यांना त्यांच्या भाषणाचा दीर्घपणा कंटाळवाणा वाटतो, त्यांनी हा तिसरा भाग तरी वाचावा. चिथावणीच्या कायद्यावर मराठी माणसाने न्यायालयात केलेले इतके सविस्तर विवेचन त्यापूर्वीचे क्वचितच सापडेल.

२२ जुलैच्या रात्री निकाल लागला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि मते सात विरुद्ध दोन पडली. दोन राजद्रोहांबद्दल तीन-तीन वर्षे हद्दपारी आणि तिसऱ्या आरोपाबद्दल एक हजार रुपये दंड. शिक्षा सांगताना न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांच्या बुद्धीला विकृत ठरविले आणि खुनांना संमती देणारे लिखाण असे त्या लेखांचे वर्णन केले. म्हणजे आरोपात नसलेली गोष्ट शिक्षेच्या भाषणात आली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध सहा दिवस काम बंद ठेवले. टिळक मंडालेला गेले. 'गीतारहस्य' तेथे लिहून झाले. पत्नी सत्यभामाबाई १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात वारल्या, तेव्हा ते तुरुंगातच होते.

ते मंडालेत असतानाच २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी खून केला. या प्रकरणात अपप्रेरणेचे कलम वापरले गेले. विलायतेहून ब्राउनिंग पिस्तुले पाठविल्यावरून विनायक दामोदर सावरकर यांना विशेष न्यायालयाने जानेवारी १९११ मध्ये जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. तेथे दाखवायला पिस्तूल होते. टिळकांच्या बाबतीत पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड होते.

तरीही जॅक्सन यांच्या खुनाचा डाग टिळकांवर उडालाच. 'टाइम्स'चे सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक प्रसिद्ध केले. रँड आणि जॅक्सन या दोघांच्या खुनांची जबाबदारी त्यांनी टिळकांच्या शिकवणीवर टाकली. दुसऱ्या खुनाच्या वेळी टिळक वर्षाहून अधिक काळ ब्रह्मदेशातील तुरुंगात होते, हेही त्यांना आड आले नाही. जून १९१४ मध्ये सुटून आल्यावर टिळकांनी चिरोल आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर लंडनच्या न्यायालयात बदनामीचा दावा केला.

हा दावा लावणे शहाणपणाचे होते काय, यावर त्यांच्या अनुयायांतही मतभेद होते. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांवरून घेतलेला वीस हजार रुपयांचा जातमुचलका उच्च न्यायालयाने रद्द ठरविला होता, त्यामुळे न्यायालयांवरचा त्यांचा विश्वास काहीसा वाढला असावा. परंतु फौजदारी खटला आणि बदनामीचा दावा यांत मोठा फरक आहे. फौजदारीत शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. येथे टिळक फिर्यादी होते, आणि वीस वर्षांपूर्वीची प्रत्येक ओळ उकरून काढण्याचा अधिकार त्यांनी आपण होऊन प्रतिपक्षाला दिला होता. जो आरोप ठेवण्याचे धाडस सरकारने १८९७ मध्ये केले नाही, तो आता त्यांनी स्वतःच न्यायालयात आणून ठेवला.

सुनावणी २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर सुरू झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन होते आणि चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. बासष्ट वर्षांचे, मधुमेहाने थकलेले टिळक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि कार्सन यांनी 'केसरी'च्या जुन्या अंकांची भाषांतरे एकेक करून त्यांच्यापुढे टाकली. अफजलखानाचे भाषण, रँड, चापेकर, मुझफ्फरपूर. महायुद्ध नुकतेच संपलेले, ज्युरी लंडनची आणि न्यायाधीशांचा कल लपून राहिलेला नव्हता. २१ फेब्रुवारीला निकाल चिरोल यांच्या बाजूने लागला आणि खर्चाचा बोजा टिळकांवर आला. तो लाखोंच्या घरात गेला. महाराष्ट्रातील लोकांनी वर्गणी करून तो फेडला. हा निकाल म्हणजे टिळकांना खुनाच्या चिथावणीबद्दल झालेली शिक्षा नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण इंग्रजी लेखनात पुढे तो अनेकदा तसा वापरला गेला. तो एवढेच सांगतो, की बारा इंग्रज गृहस्थांना चिरोल यांचे पुस्तक बदनामीकारक ठरवावेसे वाटले नाही.

स्ट्रेची यांची व्याख्या मात्र टिळकांच्या मागे बराच काळ जगली. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने सार्वजनिक अशांततेचा संभव हवा, असे म्हणून तिला अटकाव केला. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मराठी माणसाच्याच, सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात, ती पुन्हा उचलून धरली. अखेर १९६२ मध्ये केदारनाथ सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, हिंसेला चिथावणी किंवा अशांतता माजविण्याचा रोख असल्याशिवाय निव्वळ सरकारविरोधी शब्द हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाखालील कारवाया थांबविण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि जुनी दंड संहिता गेली. राजद्रोहाच्या जागी देशाच्या सार्वभौमत्वास धोका आणणाऱ्या कृत्यांचे कलम १५२ आले, त्याच्या व्याप्तीवरून वाद आहेत. अपप्रेरणेची व्याख्या नव्या संहितेच्या ४५ व्या कलमात आली आहे. चिथावणी, संगनमत आणि साहाय्य हे तिचे तीन पाय तसेच आहेत.

टिळक नोव्हेंबर १९१९ मध्ये मायदेशी परतले आणि वर्ष संपण्याआधी अमृतसरच्या काँग्रेसला गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले. १९०८ मध्ये ज्या दालनात त्यांना शिक्षा झाली, तेथे १९५६ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या हस्ते संगमरवरी फलक बसविण्यात आला. निकालानंतर टिळकांनी न्यायालयाला जे सांगितले, ते शब्द त्यावर कोरलेले आहेत.